एकवीस तारखेचं तिकीट

॥ श्री खंडेराव ॥

येना, जर्मनी
सर्वपित्री अमावास्या, १२ ऑक्टोबर २०१५

चि. सौ. लता हिस,

आक्काचे आशीर्वाद. नेहमीचेच आहेत, वापरून मऊ झालेले. नवे कुठून आणू?

फोनवर बोलून उपयोग नाही. मी इथून ओरडते, तू तिथून बरं बरं म्हणतेस आणि मग तुझ्या सुधीरला विचारतेस की आक्का कशाबद्दल बोलत होत्या. आणि सुधीरला सांगावं तर पारावर बातमी आधी पोचते, तुझ्यापर्यंत नंतर. म्हणून हे पत्र. मला लिहिता येत नाही, तुला ऐकू येत नाही. दोघी जावांची मिळून एक धड बाई होते. मी सांगतेय, साधना लिहितेय. माझ्या तोंडून निघतं ते मांजरवाडीचं असतं, सूनबाईच्या पेनातून उतरेपर्यंत पुण्याचं होतं. कुठं गोड वाटलं तर ते तिचं समज.

आज ह्यांच्या नावानं पान वाढलं. इथे कावळे आहेत, पण त्यांना बोलावलेलं कळत नाही. शेवटी खारीनं घास नेला. ह्यांना चालेल. जिवंतपणी तरी कुठं कोण जेवायला बसलंय ते बघत होते.

या मुलखात पाहुण्यांसाठी एक पुस्तिका मिळते. वर्षभरात कुठं कोणती जत्रा, कधी, किती वाजता, सगळं त्यात. चित्रं आहेत म्हणून मलाही वाचता येते. मी इथे तीन महिन्यांची पाहुणी, म्हणून साधनानं माझ्यासाठी त्यात खुणा केल्या आणि परवा शनिवारी पहिल्या जत्रेला नेलं. कुठं न्यावं? कांद्याच्या. शेजारी वायमार म्हणून गाव आहे, आगगाडीनं पाव तास. अख्खं गाव कांद्यानं मढवलेलं. कांद्याच्या वेण्या घालतात, मध्ये वाळलेली फुलं ओवतात, आणि माणसं त्या वेण्या गळ्यात घालून मिरवतात. लता, आपण साठवणीच्या चाळीत कांदा उलथापालथा करण्यात जन्म काढला, आपल्या गळ्यात कुणी घातला का? आणि खायला काय, तर कांद्याचा केक, कांद्याचं सूप, कांद्याचा पाव. मी मेली चातुर्मासातली! चंपाषष्ठीपर्यंत कांद्याला शिवायचं नाही आणि उभी कुठं, तर त्याच्या घमघमाटात. साधनाला वाटलं निफाडची बाई, हरखेल. पुण्याच्या मंडळींचा चातुर्मास भिंतीवर टांगलेला असतो, जिभेवर नसतो. ती हसतेय, म्हणून इथे अक्षर वाकडं आलं असेल. चार तास फिरून मी साखरेत घोळलेले बदाम खाल्ले आणि पाय सुजवून घरी आले.

एक म्हातारी वेण्या घालत बसली होती, माझ्याच वयाची. तिची गाठ सैल होती, मी खुणेनं दाखवली. तिनं हसून माझ्याच हातात पात दिली. मला कंटाळा आला होता, मी परत केली.

आता खरं सांगायचं ते. मधूनं माझं परतीचं तिकीट एकवीस डिसेंबरचं काढलंय. चंपाषष्ठी यंदा सतराला, गुरुवारी. मधला अधिक आषाढ धरून मी बोटांवर मोजलंय. चार दिवसांनी हुकलं. पंचेचाळीस वर्षं खंडेरायाला पहिला भरीत-रोडगा माझ्या हातचा, तो यंदा राहिला. मधूला रजा नाताळातच मिळते, आणि मला पाटी वाचता येत नाही म्हणून एकटीला विमानात बसवायचं नाही म्हणतो. इथल्या जत्रा शनिवार-रविवार बघून भरतात. लेकाला वाटलं आपला देवही तसाच सोयीचा असेल. तर यंदा नैवेद्य तुझ्या गळ्यात. कांद्याची माळ नाही तर नाही, हे घे.

तुझ्या दोघा लेकरांना, सुधीरला, विभाला, आशीर्वाद. भाऊजींना म्हणावं तंबाखू कमी करा. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर सांभाळायला माझ्यात बळ नाही.

तुझी आक्का

ता.क. – काकू, साधनाचा नमस्कार. वरचं सगळं आईंनी सांगितलं तसंच आहे. एकच राहिलं. ती पात त्यांनी लगेच परत केली नाही. तीनदा पीळ घातला, तीनदा सुटला. मग म्हणाल्या, कंटाळा आला. हे मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही.


॥ श्री ॥

मांजरवाडी, ता. निफाड
२५ ऑक्टोबर २०१५

ती. आक्कांच्या पायांवर लताचं डोकं. विनंती विशेष नाही, तक्रारच आहे.

तुमचं पत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. एकदा माझ्यासाठी वाचलं, एकदा ह्यांच्यासाठी, तिसऱ्यांदा विभानं शेजारणींसाठी. कांदा बघायला साता समुद्रापार जाणारी तुम्ही पहिलीच, असं सगळ्यांचं मत पडलं. माळ घातलेला फोटो असेल तर पाठवा, सोसायटीच्या कचेरीत लावू.

तुमचं घर रोज सकाळी उघडते. देवाला दिवा लावते, टाक पुसते, तुळशीला पाणी घालते. तुमचा काळू दारात पडलेला असतो. मी गेले की एक डोळा उघडून बघतो, तुम्ही नाही असं दिसलं की मिटतो. भाकरी खातो, पण उपकार केल्यासारखी.

आता नैवेद्याचं. आक्का, मी वांगी भाजते. या घरात आले तेव्हापासून तेच काम मला दिलंत. काठवटीला हात लावू दिला नाहीत. एकदा तुम्हाला ताप होता तेव्हा मी बत्ता उचलला, तर तुम्ही गोधडीतून उठून आलात. आणि आता म्हणता, तुझ्या गळ्यात. मला भरीत येत नाही असं नाही, घरी करतेच. पण देवाचं करायचं म्हणजे तुमच्या हातचं चाखलेल्या अख्ख्या गावापुढे ठेवायचं. मी नाही करणार. गुरवानं विचारलं तर मी मान हलवली. त्यातून हो घ्यायचं की नाही हे त्यानं ठरवावं.

सुधीर म्हणतो तिकीट बदलून मिळतं. मधूला सांगा. आईसाठी एवढं करेल तो.

आणि एक विचारू का? तुम्ही अधिक महिना बोटांवर मोजता. गावातल्या पोरीबाळी पंचांग टाकून तुम्हाला तिथी विचारायला येतात. श्रावणात मधूनं तिकीट काढलं तेव्हा तुमची बोटं कुठं होती?

उत्तर लौकर धाडा. रागावलात तरी पत्रातून रागवा, म्हणजे मला वाचता येईल.

आपली, वांगी भाजणारी
लता


॥ श्री खंडेराव ॥

येना
पाडवा, १२ नोव्हेंबर २०१५

चि. सौ. लता हिस,

दिवाळीचे आशीर्वाद, फराळाशिवाय. करंज्या साधनानं केल्या होत्या. चांगल्या होत्या. तिला आणखी ऐकायचंय, म्हणून पेन उचलून बघतेय. खूप चांगल्या होत्या. झालं?

तुझं पत्र तिनं मोठ्यानं वाचलं. तू शेवटी काहीतरी विचारलंयस, पण नेमकी तेव्हाच मला खोकल्याची उबळ आली, ते ऐकायचं राहून गेलं.

काल आपलं लक्ष्मीपूजन आणि त्याच संध्याकाळी यांची कंदिलांची मिरवणूक. कुणी मार्टिन नावाचे संत होऊन गेले, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी आपला अर्धा झगा कापून दिला. त्यांच्या नावानं पोरं काठीला कागदी कंदील लावून गाणी म्हणत गावातून फिरतात. वल्लरीनं शाळेत कंदील केला होता, चांदणीचा. मी म्हटलं हा तर आपला आकाशकंदील, दारात टांग. तर नऊ वर्षांची ती नात मला जर्मनमधून काहीतरी समजावत राहिली. मी बोलते ते सगळं तिला कळतं, ती बोलते ते मला काही नाही. पण मी काहीही म्हटलं की गेनाऊ म्हणते. म्हणजे अगदी बरोबर. लता, जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. तुझ्या दिरांनी तर नाहीच.

मिरवणुकीत दीड तास चालले. हात खिशात घालून. पुस्तिकेतल्या चार खुणांपैकी दोन झाल्या. मधूच्या मनात फार आहे, की आईला सगळं दाखवावं. बिचारा दमून कामावरून येतो आणि मला विचारतो, उद्या कुठं जाऊ या. मी म्हणते, जाऊ या. तोही दमलेला, मीही दमलेली. कोण आधी घरी बसू म्हणतो याची दोघं वाट बघतोय.

तिकिटाचं म्हणशील तर मधूच्या रजेचं काही होत नाही. त्यांच्या भिंगांच्या कारखान्यात निशिगंधा म्हणून नाशिकची मुलगी आहे, ती बारा डिसेंबरला मुंबईला जातेय. काकूंना सोबत नेते, म्हणाली. मी नको म्हटलं. ती फार भरभर चालते. शिवाय तिला खिडकी लागते, आणि मलाही खिडकी लागते. आणि बोलते किती! विमानात उठून जायला जागा नसते.

तेव्हा नैवेद्य तूच कर. आढेवेढे पुरे. सासूबाईंनी माझ्या हातात बत्ता दिला तेव्हा मलाही येत नव्हतं. खरं सांगू, मला जत्रांचा कंटाळा आलाय. इथल्या आणि तिथल्याही. सगळीकडे उभं राहायचं आणि आनंद झालाय असं तोंड करायचं.

भाऊबीजेला विभानं मधूला आणि सुधीरला एकाच ताटात ओवाळायचे दिवस गेले, तेवढं मनात ठेवून इथे थांबते. प्रेम असू दे. नसलं तर दिवा तरी लावत जा माझ्या देव्हाऱ्यात.

तुझी आक्का

ता.क. – काकू, निशिगंधाच्या शेजारची जागा खरंच रिकामी आहे, मधूनं चौकशीही केली होती. आईंनी नाही म्हटलं. आणि निशिगंधा अगदी कमी बोलते.


॥ श्री ॥

मांजरवाडी
तुळशीचं लग्न, २३ नोव्हेंबर २०१५

ती. आक्कांस लताचा नमस्कार, वाकून, गुडघा धरून.

साधना, हे पत्र वाचायला बसशील तेव्हा वल्लरीला खेळायला पाठव. आणि आक्कांना पाणी पिऊन घ्यायला सांग, म्हणजे खोकला येणार नाही.

आक्का, तुमच्या अंगणातल्या तुळशीचं लग्न मी लावलं. ऊस, चिंचा, आवळे सगळं केलं. अंतरपाट धरायला विभा होती. मंगलाष्टकं मला ऐकू येत नाहीत हे किती बरं आहे, ते गुरवाचा आवाज ऐकणाऱ्यांना विचारा.

आता मी लिहिते ते नीट ऐका. गेल्या वर्षी चंपाषष्ठीला नैवेद्याची परात तुमच्या हातून सुटली. देवळात निघायला पाच मिनिटं होती, बाहेर हलगी वाजत होती. मी मोठ्यानं ओरडले की काळू आत शिरला, काळूनं धक्का दिला. सगळे काळूला हाकलायला धावले. तेवढ्यात आपण दोघींनी काठवटीत उरलेलं दुसऱ्या परातीत काढलं आणि वर कांद्याची पात पसरून झाकलं. कुणाला कळलं नाही.

काळू तेव्हा घरात नव्हता, आक्का. तो देवळापाशी होता, इतर कुत्र्यांबरोबर, घासाची वाट बघत. हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. वर्ष झालं, आपण यावर बोललो नाही. मी बोलले नाही कारण तुम्ही बोलला नाहीत.

तुम्ही खिडकीसाठी देवाचा नैवेद्य सोडणाऱ्या नाही. कांद्याची वेणी डोळे मिटून घालणारी बाई कंटाळा आला म्हणून पात परत देत नाही. हात दुखतात का? मूठ वळत नाही का? कधीपासून?

विचारलं म्हणून रागावू नका. मी काठवट मागत नाहीये. चाळीस वर्षं तुमची बोलणी खात वांगी भाजली, त्यात माझं काही वाईट झालं नाही. तुम्ही नसाल तर मला नुसता धूर मिळेल.

खरं लिहा. नाहीतर सूनबाईकडून काढून घेते.

तुमचीच
लता


॥ श्री खंडेराव ॥

येना
३ डिसेंबर २०१५

चि. सौ. लता हिस,

आशीर्वाद. यावेळी ताजे आहेत.

परवा साधनानं तुझं पत्र वाचलं. परातीपाशी ती थांबली. मी म्हटलं वाच, मला तिथलं सगळं तोंडपाठ आहे. वाचून झाल्यावर तिनं माझे हात हातात घेतले. सुना सासूचे हात असे कधी बघतात का? मी काढून घेतले नाहीत.

तीन वर्षं झाली. सकाळी बोटं उघडत नाहीत, उघडली तर मिटत नाहीत. बत्ता दोन हातांनी धरून ठेचायची, दार लावून. तुला वाटायचं मी गुपित राखतेय. गुपित कसलं, वांगं, मिरची आणि मीठ! माझं कण्हणं तुला ऐकू जायला नको होतं. तुला ऐकू येत नाही हेही मी विसरायची, बघ.

आणि तू विचारलंस ना, बोटं कुठं होती? मोजत होती. मधूनं पाच डिसेंबरचं तिकीट दाखवलं होतं. तेव्हा त्याला रजा मिळत होती. मीच म्हटलं नको, मला नाताळाचा बाजार बघायचाय. ऐंशीला टेकलेल्या बाईला नाताळाचा बाजार! तो बिचारा इतका खूश झाला की आईला काहीतरी बघावंसं वाटलं, आणि तेव्हापासून मला जत्रेजत्रेला हिंडवतोय. मी पळून आलेली, आणि त्याला वाटतंय पाहुणी आलेली. वर दोन पत्रांतून त्याच्यावर आळ घेतला. साधनाला ठाऊक होतं, तिनं निमूट लिहिलं. काळूवर एक, मधूवर एक. कुत्रंही देवाचं आणि लेकही देवानं दिलेला. चंपाषष्ठीला माझं काय म्हणून स्वागत होणार होतं?

नाताळाचा बाजार मागच्या आठवड्यात बघितला. दिवे छान असतात. एक गरम लाल पाणी देतात मसाल्याचं, ते मी घेतलं नाही. मधूनं घेतलं, थोडं जास्त घेतलं आणि बाकावर बसून म्हणाला, आई, पुढच्या वर्षी फक्त घरी बसू. मी म्हटलं गेनाऊ.

आता लता, हात माझे गेलेत, तोंड शाबूत आहे. खाली सांगते ते सतरा तारखेला चुलीपाशी विभानं मोठ्यानं वाचायचं. तुझ्या कानाशी, शेजारणी दचकतील इतक्या मोठ्यानं. जिथं थांब म्हणते तिथं थांबायचं.

वांगी हिरवी घे, देठासकट. तेल लाव आणि काडीनं टोच. टोचलीस का? नसशील. टोच. आता विस्तवावर ठेव. विभा, तू थांब.

लता, उलटू नकोस. अजून नाही. मला माहितेय तुझा हात चुळबुळतोय. साल फुटून वाफेची शिटी यायला हवी. तुला शिटी ऐकू येणार नाही, तेव्हा विभाच्या तोंडाकडे बघ.

रोडग्याचं पीठ घट्टच असू दे. तू सैल मळतेस आणि मग पाण्याला दोष देतेस. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पूर, राखेनं झाक आणि पुन्हा पुन्हा उकरून बघू नकोस. पेरलेलं नाहीये ते.

साल काढ. गरमच काढ, गार झालं की चव जाते. बोटं भाजतात. भाजू देत, माझीही भाजली. मिरच्या आणि लसूण आधी काठवटीत घाल. मीठ. आता हातात घेतलंयस त्यातलं निम्मं परत टाक. तुझा हात मिठाला फार सढळ आहे, हे मी लग्नापासून बघतेय.

आता वांगी घाल आणि ठेच. इथे मी काही बोलणार नाही. ठेचताना मी कधी बोलत नसे, श्वास पुरत नसे. विभा, आई-आजीच्या देवाचं नाव घे आणि गप्प उभी राहा.

झालं? आता पात बारीक चिरून वरून. पहिला कांदा वर्षाचा. भंडारा उधळ, नैवेद्य दाखव. पहिला घास काळूला. त्याला सांग आक्कानं पाठवलाय. का ते सांगायची गरज नाही, त्याला ठाऊक आहे.

मी इथे सतराला कांदा खाणार नाही. घरी येऊन, तुझ्या हातचं खाऊन चातुर्मास सोडेन. बावीसला पोचते. प्रेम वाढवायचं असेल तर आता वाढव, हरकत नाही.

तुझी आक्का

ता.क. – काकू, आईंनी हे सांगायला दोन दुपारी घेतल्या. मिठाचं वाक्य तीनदा बदलून घेतलं. डॉक्टरांकडे नेलं होतं. सांधे धरलेत, औषध दिलंय, फार सुधारणार नाही म्हणाले. आईंना मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग जर्मनीत येऊन नवीन काय कळलं?


॥ श्री ॥

मांजरवाडी
२४ डिसेंबर २०१५

चि. सौ. साधना हिस,

लताकाकूचे आशीर्वाद. हे पत्र तुझ्याच नावानं लिहितेय. आक्का ओसरीवर ऊन खात बसल्यात. कुणाला लिहितेस विचारलं, मी ऐकू आलं नाही असं केलं.

तुझ्या अक्षरातलं ते पत्र चौदाला पोचलं. सतराला पहाटे विभा आंघोळ करून चुलीपाशी उभी राहिली आणि ओरडून वाचायला लागली. शेजारच्या दोघी धावत आल्या, म्हणाल्या आक्का आल्या की काय. उलटू नकोस असं तिनं वाचलं तेव्हा माझा हात खरंच वांग्यावर होता, गं. मला हसू आलं, मग धूर लागला डोळ्यांना. ठेचताना ती गप्प राहिली. नुसतं बत्त्याचं धपधप चाललं होतं, ते मला हातातून कळत होतं. मीठ निम्मं परत टाकलं. मला कमी वाटत होतं, पण लिहिलंय म्हटल्यावर टाकलं.

देवळात परात मी नेली. गुरवानं घेतली. एका म्हातारीनं खाऊन माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हात पुढे केला. तेवढं पुरलं. पहिला घास काळूला दिला. त्यानं हुंगला आणि ठेवून दिला. आता याला काय म्हणावं? मला वाटलं देवाला आवडलं नाही.

बावीसला दुपारी गाडी आली. मधू उतरला, पाठोपाठ आक्का. वाळल्यात थोड्या. काळू असा धावला की मधूची पिशवी पडली, आणि यावेळी खरंच त्यानंच पाडली. आक्का पाय धुऊन थेट माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या. मी चार वांगी ठेवलीच होती. काठवट मांडली, बत्ता घेतला. त्या फक्त दोन्ही तळवे काठवटीच्या कडेला लावून धरून बसल्या, हलू नये म्हणून. तेवढं त्यांना जमतं.

पहिला घास स्वतः काळूला घातला. त्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या, बराच वेळ. मला ऐकू येत नाही याची त्यांना कधी कधी फार सोय होते. काळूनं यावेळी खाल्लं.

मग स्वतः खाल्लं. पाच महिन्यांनी कांदा. डोळे मिटून चावला. मी वाट बघत बसले. म्हणाल्या, मीठ कमी आहे. मी उठून पत्र आणलं, ते वाक्य विभाकडून मोठ्यानं वाचून घेतलं. त्यावर म्हणाल्या, मी असं सांगितलंच नव्हतं, साधनानं चुकीचं लिहिलं असेल. हे तुला कळवायला हवं म्हणून हे पत्र. मनावर घेऊ नकोस. काळू आणि मधूनंतर आता तू. घरची झालीस.

दोन रोडगे संपवून हात धुताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी विभाला घसा फोडायला लावू नकोस. मी स्वतः बसून ओरडेन. पाट तेवढा चुलीच्या जवळ मांड.

त्यांचं पत्र मी देव्हाऱ्यात ठेवलंय, टाकांच्या मागे. हळदीचं बोट लागलंय त्याला. त्या विचारत होत्या, मी हरवलं म्हणून सांगितलं.

वल्लरीला पापा. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे, आणि अधूनमधून तुझ्या मनचंही लिहीत जा. तुझं अक्षर मी आता ओळखते.

तुझी
लताकाकू